नील्स रूबेर्ग फिन्सेन

नील्स रूबेर्ग फिन्सेन (१५ डिसेंबर १८६० : टोर्शाव्हन, फेरो बेटे – २४ सप्टेंबर १९०४ : कोपनहेगन, डेन्मार्क) हे डॅनिश वैद्यक आणि आधुनिक प्रकाशोपचाराचे जनक होते. प्रकाशाचा, विशेषतः त्यातील निळ्या, जांभळ्या व अतिनील (जंबुपार) किरणांचा सजीवांवर होणारा परिणाम हा उष्णतेचा नसून रासायनिक असतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. त्या आधारे त्यांनी त्वचेच्या क्षयरोगावर उपचारपद्धती उभारली. या कार्यासाठी त्यांना १९०३ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे किरण पेशीतील नेमक्या कोणत्या पदार्थात बदल घडवतात, हे त्यांच्या हयातीत कोणालाच माहीत नव्हते. डीएनए व आरएनए या न्यूक्लिइक आम्लांवरील पुढील सुमारे सहा दशकांच्या संशोधनातून त्याचे उत्तर मिळाले.

बालपण व शिक्षण

फिन्सेन यांचा जन्म उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांच्या राजधानीत झाला. त्यांचे घराणे मूळचे आइसलँडचे होते आणि वडील हान्नेस फिन्सेन हे डॅनिश राजवटीतील प्रशासकीय अधिकारी होते. नील्स चार वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. प्राथमिक शिक्षणानंतर त्यांना डेन्मार्कमधील हेर्लुफ्सहोल्म येथील निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे त्यांची प्रगती असमाधानकारक ठरली. स्वभाव चांगला, पण बुद्धी व उत्साह बेताचा, असे शाळाप्रमुखांचे मत झाले होते. त्यामुळे १८७६ मध्ये त्यांना आइसलँडमधील रेक्याव्हिक येथील शाळेत घालण्यात आले. १८८२ मध्ये ते तेथून उत्तीर्ण झाले, तेव्हा १५ विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक ११ वा होता.

त्याच वर्षी ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी कोपनहेगनला गेले. १८९० मध्ये त्यांनी अंतिम परीक्षा दिली आणि ते विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात शवविच्छेदनाचे काम पाहू लागले. सुमारे तीन वर्षांनी त्यांनी हे पद सोडले. त्यानंतर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या खाजगी शिकवण्या घेऊन ते चरितार्थ चालवत आणि उरलेला सर्व वेळ प्रकाशाच्या अभ्यासाला देत. १८९२ मध्ये त्यांचा विवाह इंगेबोर्ग बाल्स्लेव यांच्याशी झाला.

आजारपण व प्रकाशाकडे ओढ

विद्यार्थिदशेतच, १८८३ च्या सुमारास, फिन्सेन यांना एका असाध्य विकाराची लक्षणे जाणवू लागली. हृदय, यकृत व प्लीहा यांच्या आवरणांतील संयोजी ऊतक या विकारात हळूहळू जाड होत जाते, अवयवांचे कार्य मंदावते आणि पोटात पाणी साचते. त्यांना सतत थकवा व रक्तक्षय जाणवे. त्यांचे राहते घर उत्तराभिमुख असल्याने तेथे ऊन फारसे येत नसे. अधिक सूर्यप्रकाश मिळाला तर आपल्याला बरे वाटेल, असे त्यांना वाटू लागले आणि उन्हात वावरल्यावर तसा अनुभवही आला. त्यांच्या वैज्ञानिक कुतूहलाचा आरंभ या स्वानुभवातून झाला. छपरावर उन्हाला बसलेले मांजर सावली सरकली की उठून पुन्हा उन्हात जाऊन बसते, हे पाहून त्यांचा विचार पक्का झाला, असेही त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

केवळ अनुभवावर विसंबणे त्यांना पुरेसे वाटले नाही. प्रकाश शरीरावर परिणाम करतो, हे लोकांना पूर्वापार ठाऊक होते. तो कोणत्या किरणांमुळे आणि कशा प्रकारे होतो, हे मात्र स्पष्ट नव्हते. फिन्सेन यांनी याच प्रश्नाला हात घातला.

उष्णता की रासायनिक क्रिया?

अतिनील किरणांचा शोध १८०१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर यांनी लावला होता. वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तेथे, सिल्व्हर क्लोराइड सर्वांत वेगाने काळे पडते, असे त्यांना आढळले. त्यामुळे या किरणांना दीर्घकाळ रासायनिक किरण असेच म्हटले जाई. १८७७ मध्ये डाउन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनी सूर्यप्रकाशाने जिवाणूंची वाढ थांबते असे दाखवले. १८८९ मध्ये स्वीडिश वैद्यक एरिक विडमार्क यांनी त्वचा लाल होऊन भाजल्यासारखी होणे हा उष्णतेचा नव्हे, तर अतिनील किरणांचा परिणाम असल्याचे सिद्ध केले.

फिन्सेन यांनी हा परिणाम स्वतःच्या शरीरावर तपासला. हाताच्या कातडीवर काळ्या शाईचा पट्टा ओढून त्यांनी तो हात उन्हात धरला. पट्ट्याबाहेरची त्वचा लाल झाली व दुखू लागली. शाईखालची त्वचा मात्र जशीच्या तशी राहिली. काळा रंग उष्णता अधिक शोषून घेतो. उष्णतेनेच इजा होत असती, तर ती शाईखाली अधिक व्हायला हवी होती. काही काळाने उघडी त्वचा काळवंडली आणि शाईखालचा भाग गोरा राहिला. शाई न लावता हात पुन्हा उन्हात धरल्यावर या वेळी पूर्वी झाकलेलाच भाग भाजला व काळवंडलेला भाग सुरक्षित राहिला. त्वचेतील रंगद्रव्य हे या किरणांपासून बचाव करणारे आवरण आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बेडूकवर्गीय प्राण्यांची पिले, गांडुळे व कीटक यांच्यावर निळा व तांबडा प्रकाश टाकून त्यांच्या हालचाली कशा बदलतात, याच्याही नोंदी त्यांनी केल्या.

देवीचा रोग आणि तांबडा प्रकाश

१८९३ मध्ये फिन्सेन यांनी प्रकाशाच्या त्वचेवरील परिणामांविषयीचा आपला पहिला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. देवीच्या रुग्णाला तांबड्या काचा व तांबडे पडदे लावलेल्या खोलीत ठेवावे, म्हणजे रासायनिक किरण त्वचेपर्यंत न पोचल्याने पुळ्यांत पू होणार नाही व व्रण कमी राहतील, असे त्यांनी त्यात सुचवले. नॉर्वेतील बर्गेन येथील वैद्यांनी हा उपाय करून पाहिला व अनुकूल अहवाल दिला. देवीच्या रुग्णाभोवती तांबडे कापड बांधण्याची चाल युरोपात व आशियात फार जुनी होती आणि फिन्सेन यांच्या मांडणीमुळे तिला प्रथमच शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे वाटले. तथापि पुढील काळातील अधिक काटेकोर निरीक्षणांत हा उपाय टिकला नाही. फिन्सेन यांची कीर्ती दुसऱ्या एका रोगामुळे झाली.

त्वचाक्षयावरील उपचार

क्षयाच्या जिवाणूंमुळे त्वचेला होणारा ल्यूपस व्हल्गॅरिस हा रोग त्या काळी उत्तर युरोपात बराच आढळत असे. तो बहुधा चेहऱ्यावर होई आणि नाक, ओठ व गाल हळूहळू खाऊन टाकी. रुग्ण मरत नसे, पण वर्षानुवर्षे विद्रूप होत जाई. अनेकांना काम मिळत नसे व लोकांत मिसळता येत नसे. जखम खरवडणे, जाळणे किंवा कापून काढणे हेच उपाय उपलब्ध होते आणि त्यांनंतरही रोग उलटे.

प्रकाशाने जिवाणू मरतात, तर त्वचेतील क्षयाचे जिवाणूही मरायला हवेत, असा तर्क फिन्सेन यांनी केला. त्यात अडचणी तीन होत्या. साधा सूर्यप्रकाश पुरेसा तीव्र नव्हता, त्यातील उष्णतेने त्वचा भाजली असती, आणि त्वचेतील रक्त हे किरण शोषून घेत असल्याने ते खोलवर पोचत नसत. तिसरी अडचण त्यांनी कानाच्या पाळीवर तपासली. पाळीच्या मागे छायाचित्रणाचा कागद ठेवून समोरून प्रकाश टाकला असता कागद काळा पडला नाही. पाळी काचांमध्ये दाबून रक्त बाजूला सारल्यावर मात्र तो लवकर काळा पडला. यावरून त्यांनी थंड पाणी खेळवलेले पारदर्शक स्फटिकाचे भिंग रोगट त्वचेवर दाबून धरण्याची युक्ती योजली. त्यामुळे रक्तही बाजूला होई व त्वचाही थंड राहत असे.

प्रकाशाच्या तीव्रतेचा प्रश्न भौगोलिक होता. कोपनहेगन सुमारे ५५.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि २१ डिसेंबरच्या सुमारास तेथील माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो. तुलनेसाठी, मराठवाड्यातील हिंगोली सुमारे १९.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे त्याच दिवशी सूर्य जवळपास ४७ अंश वर असतो, तर मेच्या तिसऱ्या व जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या माध्यान्ही कोपनहेगनला पोचणाऱ्या किरणांना हिंगोलीच्या तुलनेत सुमारे चौपट जाडीच्या हवेतून यावे लागते आणि ओझोनच्या थरातही तितकाच लांबचा मार्ग कापावा लागतो. परिणामी लघुतरंगी अतिनील किरण जमिनीवर जवळजवळ पोचतच नाहीत. म्हणून फिन्सेन यांनी सूर्याऐवजी विजेवर चालणारा कार्बन आर्क दिवा निवडला.

१८९५ मध्ये कोपनहेगनच्या विद्युत केंद्रात, तेथील यंत्रसामग्री वापरून, त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार सुरू केले. हा रुग्ण स्वतः अभियंता होता आणि इतर सर्व उपाय करून थकलेला होता. काही महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावरील रोग आटोक्यात आला. पुढे तयार झालेल्या यंत्रात एका प्रखर दिव्याभोवती दुर्बिणीसारख्या चार नळ्या बसवलेल्या असत. त्यामुळे एकाच वेळी चार रुग्णांवर उपचार करता येत. प्रत्येक रुग्णाशेजारी एक परिचारिका बसून भिंग त्वचेवर दाबून धरी. एका बैठकीत नाण्याएवढ्याच भागावर सुमारे तासभर प्रकाश दिला जाई आणि मोठा व्रण बरा होण्यास अनेक महिने लागत.

संस्था व नोबेल पारितोषिक

१८९६ मध्ये कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था स्थापन झाली. पहिल्या पाच-सहा वर्षांत तेथे त्वचाक्षयाच्या ८०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले व त्यांपैकी बहुसंख्य बरे झाले. मूळची डॅनिश राजकन्या असलेल्या ब्रिटनच्या अलेक्झांड्रा यांनी १९०० मध्ये लंडन हॉस्पिटलला फिन्सेन दिवा दिला आणि ही पद्धत इंग्लंडमध्ये पोचली. युरोपातील इतर शहरांतही अशी केंद्रे निघाली.

फिन्सेन यांना १८९८ मध्ये प्राध्यापकपद मिळाले. १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले डॅनिश नागरिक ठरले. प्रकृती ढासळल्याने ते पारितोषिक स्वीकारण्यासाठी स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. मिळालेल्या रकमेतील मोठा भाग त्यांनी आपल्या संस्थेला व हृदय आणि यकृताच्या रुग्णांसाठीच्या आरोग्यधामाला दिला.

अखेरची वर्षे

शेवटच्या काळात फिन्सेन यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागत असे. तरीही त्यांनी काम थांबवले नाही. रोज किती पाणी प्यायलो, किती मीठ खाल्ले व वजन किती वाढले, यांच्या नोंदी ठेवून त्यांनी स्वतःच्या आजाराचाच अभ्यास केला आणि शरीरात मीठ साचण्याविषयीचा लेख १९०४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अतिनील किरण व न्यूक्लिइक आम्ले

फिन्सेन यांनी परिणाम रासायनिक असल्याचे सांगितले, पण रसायन कोणते, हा प्रश्न त्यांच्यानंतर उरला. पेशीकेंद्रकातील न्यूक्लिन हा पदार्थ स्विस वैद्यक फ्रीड्रिख मीशर यांनी १८६९ मध्येच वेगळा केला होता. त्याचा आनुवंशिकतेशी व प्रकाशाशी असलेला संबंध तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नव्हता. १९२८ च्या सुमारास अमेरिकन संशोधक फ्रेडरिक गेट्स यांनी निरनिराळ्या तरंगलांबीचे किरण जिवाणूंवर टाकून त्यांची मारकशक्ती मोजली. ती २६० ते २६५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक होती आणि न्यूक्लिइक आम्लातील घटकही नेमके याच पट्ट्यातील किरण सर्वाधिक शोषतात. १९४२ मध्ये स्टॅडलर व उबर यांना मक्याच्या परागकणांतील उत्परिवर्तनांबाबत असाच मेळ आढळला. जनुके प्रथिनांची बनलेली असतात, असे बहुतेक जीवशास्त्रज्ञ मानत असण्याच्या काळात या दोन्ही प्रयोगांचा रोख न्यूक्लिइक आम्लाकडे होता.

डीएनएच्या साखळीत ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन व थायमिन हे चार क्षारक असतात. त्यांपैकी थायमिन व सायटोसिन यांना पिरिमिडीन म्हणतात. क्षारकाने अतिनील किरण शोषला की त्यातील इलेक्ट्रॉन उच्च ऊर्जास्थितीत जातात. बहुतेक वेळा ही ऊर्जा अत्यल्प क्षणात उष्णतेच्या रूपाने निघून जाते व काहीही बिघडत नाही. क्वचित मात्र साखळीत शेजारी असलेले दोन पिरिमिडीन आपले दुहेरी बंध उघडून एकमेकांना थेट जोडले जातात आणि त्यांच्यामध्ये चार कार्बन अणूंचे कडे तयार होते. या जोडीला पिरिमिडीन द्विवारिक म्हणतात. १९६० मध्ये नेदरलँड्समधील ब्युकर्स व बेरेंड्स यांनी थायमिनचे असे द्विवारिक ओळखले. याशिवाय एका क्षारकाचा सहावा अणू दुसऱ्याच्या चौथ्या अणूशी जोडला जाऊन आणखी एक प्रकारचा बिघाड होतो. त्याला ६–४ प्रकाशजन्य पदार्थ म्हणतात.

या जोडण्यांमुळे डीएनएची साखळी त्या ठिकाणी वाकते आणि तिची प्रत काढणारी विकरे (एन्झाइमे) अडतात. द्विवारिकात सापडलेल्या सायटोसिनचे युरॅसिलमध्ये रूपांतर सहज होते. मग प्रत काढताना सायटोसिनच्या जागी थायमिन बसतो व चूक कायमची होते. दोन लगतच्या सायटोसिनांच्या जागी दोन थायमिन येणे ही अतिनील किरणांची ओळखखूणच मानली जाते. त्वचेच्या अनेक कर्करोगांतील पी५३ या जनुकात ती आढळली आहे.

आरएनएमध्ये थायमिनऐवजी युरॅसिल असते आणि त्याचेही द्विवारिक बनतात. त्याखेरीज अतिनील किरणांमुळे युरॅसिलच्या दुहेरी बंधावर पाण्याचा रेणू जोडला जातो आणि आरएनए जवळच्या प्रथिनांना चिकटून बसते. पेशी बिघडलेले आरएनए टाकून नवे बनवू शकते. ज्या विषाणूंचा आनुवंशिक मजकूर आरएनएवरच असतो, ते मात्र या बिघाडाने निष्प्रभ होतात. त्वचेच्या पेशींतील बिघडलेले आरएनए शेजारच्या पेशींना दाहाचा संकेत देते, असेही अलीकडील संशोधनात आढळले आहे. फिन्सेन यांच्या हातावरील लाली उन्हातून आल्यावर काही तासांनी वाढण्यामागे अशा रासायनिक संकेतांचा वाटा असतो.

सजीवांनी या हानीवर उपायही शोधलेले आहेत. १९४९ मध्ये केल्नर व डल्बेको यांना असे आढळले की, अतिनील किरणांनी मृतप्राय झालेले सूक्ष्मजीव व त्यांचे विषाणू दृश्य प्रकाशात ठेवल्यास पुन्हा सावरतात. फोटोलायेज हे विकर निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून द्विवारिकाची गाठ सोडवते. जिवाणू, वनस्पती व बेडूक यांच्यात ते असते, मानवात नसते. मानवी पेशी बिघडलेल्या जागेसकट सुमारे ३० क्षारकांचा तुकडा कापून काढतात व समोरच्या साखळीवरून तो पुन्हा भरतात. झेरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक रोगात हीच दुरुस्ती होत नाही. अशा मुलांना उन्हाचा अल्प स्पर्शही घातक ठरतो व लहान वयात त्वचेचे कर्करोग होतात. डीएनएच्या दुरुस्तीवरील संशोधनास २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

फिन्सेन दिव्याचे पुनर्मूल्यमापन

फिन्सेन दिवा क्षयाच्या जिवाणूंचे डीएनए थेट बिघडवत असावा, असे दीर्घकाळ समजले जाई. २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी जतन केलेली उपकरणे तपासली. त्यांतील भिंगे व गाळण्या सुमारे ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण अडवतात, असे त्यांना दिसून आले. डीएनएने थेट शोषले जाणारे किरण रुग्णापर्यंत पोचतच नव्हते. क्षयाच्या जिवाणूंत पॉर्फिरिन ही रंगद्रव्ये असतात. ती दीर्घतरंगी अतिनील व निळा प्रकाश शोषून ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रूप निर्माण करतात आणि त्यामुळे जिवाणू मरतात, असे स्पष्टीकरण या संशोधकांनी दिले. परिणाम रासायनिक असतो, हा फिन्सेन यांचा मूळ निष्कर्ष अबाधित राहिला. क्रियेचा मार्ग मात्र वेगळा निघाला.

वारसा

१९४० च्या दशकानंतर स्ट्रेप्टोमायसीन व आयसोनायझिड ही औषधे आल्यावर त्वचाक्षयावरील प्रकाशोपचार मागे पडला. सोरायसिस व कोड यांसारख्या विकारांवर अतिनील किरणांचे नियंत्रित उपचार आजही केले जातात. नवीन द्विवारिके बनत असल्याने अशा उपचारांत मात्रा मोजून द्यावी लागते. पाणी व रुग्णालयातील हवा निर्जंतुक करणाऱ्या पाऱ्याच्या दिव्यांत मात्र डीएनए व आरएनए बिघडवण्याची क्षमता हेतुपूर्वक वापरली जाते. हे दिवे मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण देतात. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रातील निळसर नळी याच तत्त्वावर चालते.

शाईच्या पट्ट्याच्या प्रयोगातून फिन्सेन यांनी काढलेला निष्कर्षही टिकून आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीकेंद्रकावर छत्रीसारखे पसरून डीएनएचे रक्षण करते. हे रक्षण अपुरे असते. म्हणून हिंगोलीसारख्या उष्ण कटिबंधातील प्रदेशात भर दुपारी शेतात काम करणाऱ्यांनी डोके, मान व हात झाकणे हिताचे ठरते.

कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांच्या स्मरणार्थ मूर्तिकार रुडॉल्फ टेग्नर यांनी घडवलेले, प्रकाशाकडे झेपावणाऱ्या मानवाकृतींचे शिल्प उभे आहे. टोर्शाव्हन या त्यांच्या जन्मगावीही त्यांचे स्मारक आहे.